जुने कार्यक्रम आणि रुंद पडदा : चौकटीच्या प्रमाणाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

पिंपरी-चिंचवडपासून भोसरी, मोशी यांवरून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याची घडण अलीकडच्या काळातील आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढे मोटारी, दुचाकी वाहने व त्यांचे सुटे भाग यांचे कारखाने आले. १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. आणि त्यानंतर चाकणचा माळ कारखान्यांनी व्यापला. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र व परप्रांत येथून आलेल्या कुटुंबांच्या घरांत आता रुंद पडद्याचा दूरचित्रवाणी संच ही सामान्य वस्तू झाली आहे.

या संचांवर नवे कार्यक्रम पाहिले जातात तसे जुनेही पाहिले जातात. हा पट्टा देहू व आळंदी या दोन क्षेत्रांना लागून वसलेला असल्यामुळे ‘प्रभात’चे ‘संत तुकाराम’ (१९३६) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) हे बोलपट येथील प्रेक्षकास आपल्या भूमीचेच वाटावेत, यात नवल नाही. मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव’सारख्या मालिकेचे उपलब्ध भागही आवडीने पाहिले जातात. २०२० साली टाळेबंदीमुळे कारखाने बंद असताना २८ मार्चपासून ‘रामायण’ मालिकेचे पुनःप्रसारण झाले. १९८७-८८ साली ज्या पडद्यासाठी ती मालिका निर्माण झाली, तो पडदा एव्हाना बहुतेक घरांतून नाहीसा झाला होता.

अशा जुन्या कार्यक्रमांत पुष्कळदा माणसे आखूड व रुंद दिसतात, चेहरे पसरट होतात, किंवा डोक्यावरची पगडी आणि तळाची अक्षरे चौकटीबाहेर जातात. ज्या कामगाराच्या हाती दिवसभर मायक्रोमीटर असतो आणि मिलिमीटरच्या शतांशाचा फरक पडला तर ज्याचा नग नापास होतो, त्याच्याच घरी माणसाचा चेहरा एकतृतीयांशाने रुंद झालेला मुकाट्याने चालवून घेतला जातो! हा दोष मूळ कृतीचा नसतो, आणि अनेकदा तो रिमोटवरील एका निवडीने दूर होण्यासारखा असतो. मात्र योग्य निवड करण्यासाठी दोषाचा प्रकार ओळखता आला पाहिजे. प्रस्तुत लेखात तो प्रकार कसा ओळखावा आणि भाषेच्या अभ्यासकाला त्याची दखल का घ्यावी लागते, याचे विवेचन केले आहे.

२. दोन चौकटींचा इतिहास

चित्राची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरास चौकटीचे प्रमाण म्हणता येईल. संचाच्या सेटिंग्जमध्ये यालाच ‘ॲस्पेक्ट रेशो’, ‘पिक्चर साइज’ किंवा ‘वाइड मोड’ अशी नावे असतात. जुन्या दूरचित्रवाणीची चौकट ४:३ या प्रमाणाची, म्हणजे सुमारे १.३३ ची होती. हे प्रमाण दूरचित्रवाणीने चित्रपटाकडून घेतले. १८९० नंतरच्या पहिल्या वर्षांत एडिसनच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर चार छिद्रांइतकी उंची एका चित्रास दिली, आणि त्यातून ४:३ ही चौकट रूढ झाली. बोलपट आल्यावर फितीच्या एका कडेला ध्वनीची पट्टी बसवावी लागली व चित्र अरुंद झाले. तेव्हा उंचीही थोडी कमी करून १९३२ साली अमेरिकेत सुमारे १.३७ हे प्रमाण ठरविण्यात आले. ‘संत तुकाराम’च्या काळातील बोलपटांची चौकट साधारणपणे याच मापाची होती. दूरचित्रवाणी ही जवळजवळ त्याच आकाराची असल्यामुळे असे बोलपट तिच्यावर फारशी काटछाट न करता दाखविता येत.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते ४:३ चौकटीतच. १९८२ साली रंग आले तरी चौकट बदलली नाही. चित्रपटाने मात्र दूरचित्रवाणीशी स्पर्धा करताना रुंदीचा आश्रय घेतला. १९५३ साली अमेरिकेत सिनेमास्कोप आला, आणि १९५९ सालचा ‘कागज़ के फूल’ हा त्या पद्धतीचा पहिला भारतीय चित्रपट ठरला. अशा रीतीने १.३३ पासून २.३५ पर्यंत अनेक प्रमाणे प्रचारात आली. १९८० नंतर नव्या दूरचित्रवाणीची चौकट ठरविताना या दोन टोकांमधील मध्यम प्रमाण शोधले गेले. १.३३ व २.३५ यांचा गुणोत्तर मध्य सुमारे १.७७ येतो, १६:९ हे प्रमाण ते हेच. अमेरिकेतील अभियंते कर्न्स पॉवर्स यांच्या विचाराने पुढे आलेला हा पडदा एक तडजोड आहे. तो सर्व प्रमाणांना सामावून घेऊ शकतो, परंतु ४:३ किंवा २.३५ यांपैकी कोणत्याही प्रमाणाचे चित्र तो पूर्णपणे भरून दाखवू शकत नाही. उरलेल्या जागेचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

३. आगम, विकार आणि लोप

४:३ चे चित्र १६:९ च्या पडद्यावर बसविण्याचे मूलतः तीनच मार्ग संभवतात. वर्णांत होणाऱ्या फेरफारांसाठी व्याकरणात आगम, विकार व लोप अशा ज्या संज्ञा आहेत, त्या येथे यथार्थपणे लागू पडतात.

पहिला मार्ग आगमाचा. मूळ चित्र जसेच्या तसे मध्यभागी ठेवून दोन्ही बाजूंस काळे पट्टे दिले जातात. चित्रात काहीही बदलत नाही. जे वाढते ते चित्राबाहेर वाढते. संचावर या निवडीस ‘४:३’, ‘नॉर्मल’ किंवा ‘ओरिजिनल’ अशी नावे असतात. यांपैकी ‘ओरिजिनल’ ही निवड संदेशाबरोबर आलेल्या सूचनेप्रमाणे चौकट ठरविते, तर ‘४:३’ ही निवड सूचना काहीही असली तरी तीच चौकट लादते. हा भेद पुढे उपयोगी पडेल.

दुसरा मार्ग विकाराचा. उंची तशीच ठेवून रुंदी पडदाभर ताणली जाते. येथे प्रत्येक आडवे अंतर ४/३ पट, म्हणजे ३३ टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. वर्तुळाचे लंबवर्तुळ होते आणि ४५ अंशांची तिरपी रेषा सुमारे ३७ अंशांवर कलते. काही संचांत याचा आणखी एक फसवा प्रकार असतो: मधला भाग कमी ताणायचा व कडा अधिक ताणायच्या. मध्यभागी उभे असलेले पात्र ठीक दिसते, परंतु ते चालत कडेला गेले की चालता चालता रुंद होते.

तिसरा मार्ग लोपाचा. प्रमाण न बिघडविता चित्र मोठे केले जाते, आणि जे वर-खाली मावत नाही ते कापले जाते. यास बहुधा ‘झूम’ म्हणतात. भारतातील जुन्या पद्धतीत चित्राच्या ५७६ दृश्य रेषा असत. त्यांपैकी ४३२ उरतात, आणि वरच्या ७२ व खालच्या ७२ मिळून चित्राचा एकचतुर्थांश भाग नाहीसा होतो. मध्यम अंतरावरून घेतलेल्या दृश्यात वरच्या भागात मस्तक आणि खालच्या भागात हात असतात. तेव्हा पगडीचा माथा किंवा चिपळ्या धरलेला हात यांवरच बहुधा कात्री चालते.

काळ्या पट्ट्यांमुळे पडदा वाया जातो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिचा हिशेब करून पाहावा. ४३ इंची संचाचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद व ५३.५ सेंटिमीटर उंच असतो. त्यावर ४:३ चे चित्र सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद बसते व प्रत्येक बाजूस १२ सेंटिमीटरचा पट्टा उरतो. या चित्राचा कर्ण ३५ इंच भरतो. ज्या काळी हे कार्यक्रम प्रथम पाहिले गेले, त्या काळी २१ इंची संच मोठा समजला जाई. त्या मानाने आजचे ‘आखडलेले’ चित्र क्षेत्रफळाने पावणेतीन पटींहून अधिक मोठे आहे. तेव्हा पट्ट्यांमुळे प्रेक्षकाचे काही हिरावले जाते, ही समजूत टिकत नाही. एक आक्षेप मात्र ग्राह्य आहे. ओएलईडी जातीच्या पडद्यावर दीर्घकाळ तेच पट्टे राहिल्यास पडद्याचे भाग कमी-अधिक झिजू शकतात. नेहमीच्या एलसीडी-एलईडी संचांस ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

४. दोन वर्तुळांची कसोटी

दोष प्रत्येक वेळी घरच्या संचातच असतो असे नाही. तो तीन ठिकाणी उत्पन्न होऊ शकतो: कार्यक्रमाची नवी प्रत तयार करताना किंवा वाहिनीकडून प्रसारण होताना, घरच्या सेट-टॉप बॉक्समध्ये, आणि शेवटी दूरचित्रवाणी संचात. यांतील कोणत्या ठिकाणी तो घडला हे ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे.

कार्यक्रमाच्या दृश्यात एखादे वर्तुळ शोधावे. भिंतीवरचे घड्याळ, ताट किंवा चाक चालेल. मात्र ते कॅमेऱ्याच्या अगदी समोर असावे, कारण तिरपे पाहिलेले वर्तुळ स्वभावतःच लंबगोल दिसते. दुसरे वर्तुळ वाहिनीच्या बोधचिन्हातील घ्यावे. बोधचिन्ह हे प्रसारणाच्या वेळी चित्रावर चढविलेले असते, हे येथे महत्त्वाचे आहे.

दोन्ही वर्तुळे गोल असतील तर सर्व ठीक आहे. बाजूचे पट्टे पाहून संचाशी खेळू नये. दोन्ही आडवी लंबगोल असतील तर ताण बोधचिन्ह चढविल्यानंतरचा, अर्थात घरातला आहे. बोधचिन्ह गोल परंतु घड्याळ लंबगोल असेल तर चित्र बोधचिन्हापूर्वीच, म्हणजे प्रत किंवा प्रसारण यांच्या पातळीवर ताणले गेले आहे. आणि दोन्ही उभी लंबगोल असतील तर १६:९ च्या संदेशावर घरात ४:३ ची चौकट लादली गेली आहे. कडेला जाणारी वस्तू रुंद होते काय, हेही एकदा पाहावे. तसे असेल तर असमान ताणाची निवड चालू आहे असे समजावे.

५. उपाययोजना

दुरुस्तीचा क्रम बॉक्सपासून संचाकडे असावा. दोन्ही यंत्रे आपापल्या परीने चौकट बदलू शकतात, आणि दोघांनी एकाच वेळी हस्तक्षेप केला की दोष उलगडणे कठीण होते. म्हणून प्रथम बॉक्सच्या सेटिंग्जमध्ये पडद्याचे प्रमाण १६:९ नोंदवावे, आणि ४:३ च्या चित्राबाबत ताणण्याची किंवा कापण्याची निवड असेल तर ती सोडून पट्टे देण्याची निवड करावी. नंतर संचावर ‘ओरिजिनल’ किंवा तिच्याशी समान निवड ठेवावी. संदेशाबरोबर चौकटीची सूचना येत असेल तर एवढ्याने जुने व नवे दोन्ही कार्यक्रम योग्य दिसतात व वारंवार बदल करावा लागत नाही.

चित्र प्रसारणापूर्वीच ताणले गेले असेल तर संच आपण होऊन ते सुधारू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते १६:९ चे निर्दोष चित्र असते. अशा वेळी संचावर ‘४:३’ ही निवड लादावी. घड्याळ पुन्हा गोल होईल. बोधचिन्ह अरुंद दिसेल, पण त्याची चिंता करू नये. कार्यक्रम संपताच ही निवड काढून घेतली पाहिजे. अन्यथा पुढची बातमीपत्रे उभट दिसतील. प्रसारणातच पट्टे घालून आलेल्या चित्रावर ‘४:३’ लादल्यास मात्र उलट दोष उत्पन्न होतो: माणसे सडपातळ व उंच होतात. संचातील काही ॲपवरून चालणाऱ्या चित्रास ही निवड उपलब्ध नसते. तेथे दुसरी प्रत शोधणे हाच मार्ग उरतो.

‘झूम’ ही निवड सर्वथा त्याज्य आहे असेही नाही. सिनेमास्कोप चित्रपट पूर्वी ४:३ च्या चौकटीत वर-खाली पट्टे देऊन प्रसारित केले जात. तशी प्रत आज रुंद पडद्यावर आली की तिला चारही बाजूंनी काळी चौकट पडते व चित्र मध्येच लहान दिसते. तेथे ‘झूम’ने जे कापले जाते ते केवळ वर-खालचे पट्टे असतात. एकच निवड एका प्रतीत लोप करते आणि दुसरीत निरुपयोगी आगम काढून टाकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

जुन्या संचात चित्राच्या कडांचा काही भाग पडद्याच्या चौकटीमागे झाकला जाई. आजच्या संचावर ‘जस्ट स्कॅन’सारखी निवड केल्यास तो भाग उघडा पडतो, आणि कडेला एखादी थरथरती रेषा किंवा कधी ध्वनिग्राहकाचे टोकही दिसते. तो संचाचा बिघाड नव्हे. मूळ प्रेक्षकाने कधी न पाहिलेला तो चित्राचा काठ होय.

६. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने

दूरदर्शनच्या जुन्या मुलाखती, नाटके व मालिका ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी बोलण्याची दृश्य साधने आहेत. स्वर, आघात व विराम यांच्या ध्वनिमापनावर चौकटीचा परिणाम होत नाही. परंतु जे डोळ्यांनी मोजावयाचे आहे ते सर्व बिघडते.

ओठांच्या आकाराचे उदाहरण घ्यावे. ‘उ’, ‘ओ’ हे स्वर उच्चारताना ओठ गोलाकार होतात; ‘इ’, ‘ए’ यांच्या उच्चारात ते पसरतात. ओठांमधील मोकळ्या जागेची रुंदी १८ मिलिमीटर व उंची १२ मिलिमीटर आहे असे मानले, तर त्यांचे गुणोत्तर १.५ येते. ताणलेल्या चित्रात हीच रुंदी २४ होऊन गुणोत्तर २ होते. जेवढे ओठ गोल तेवढे ते पसरट भासतात, आणि एखाद्या वक्त्याच्या उच्चारात गोलाई कमी आहे असा निष्कर्ष निघू शकतो. वास्तविक गोलाई रिमोटने कमी केलेली असते! हावभावांचा विस्तार, बोलणाऱ्या दोघांमधील अंतर आणि कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेतील हातांच्या गती यांनाही हेच लागू आहे. बोलणाऱ्याचे ओठ दिसणे हे ऐकण्यावरही परिणाम करते, असे मॅगर्क व मॅक्डोनल्ड यांनी १९७६ साली दाखवून दिले. म्हणून श्रवणाच्या प्रयोगात जुने चित्रण वापरणाऱ्यानेही चौकट तपासलेली बरी.

लोपाचा परिणाम लिपीवर होतो. पूर्वी तळाची अक्षरे चित्राच्या कडेपासून साधारण एकदशांश उंची सोडून लिहिण्याचा संकेत होता. ‘झूम’ने खालून एकअष्टमांश भाग जातो, म्हणजे कात्री नेमकी अक्षरांच्या ओळीतून फिरते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर तशी अक्षराच्या पायाशीही चिन्हे असतात. खालचा भाग गेला की उकार, ऋकार व हलन्त जातो; ‘गुण’ चा ‘गण’ होतो आणि ‘सुत’ चा ‘सत’. रोमन लिपीत अशा छेदाने अक्षर विद्रूप होईल, पण देवनागरीत दुसराच शब्द जन्म पावतो.

फितीवरील चित्रण संगणकात उतरविताना आणखी एक सूक्ष्म दोष शिरतो. जुन्या पद्धतीचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंच्या जाळ्यात साठविले जाते. हे प्रमाण १.२५ येते, ते ४:३ ही नाही व १६:९ ही नाही, कारण त्यातील बिंदू चौरस नसतात. ४:३ चे चित्र योग्य दिसण्यासाठी तेच जाळे सामान्य व्यवहारात ७६८ बिंदूंच्या रुंदीवर पसरून दाखवावे लागते. फाइलबरोबरची सूचना हरवली की चित्र सुमारे सहा टक्क्यांनी अरुंद दिसते. एकतृतीयांशाचा ताण डोळ्यास खुपतो. सहा टक्क्यांचा खुपत नाही, आणि म्हणूनच मापनात तो अधिक धोक्याचा. व्हीएलसीसारख्या प्रणालीत चौकट हाताने ठरविता येते; मोजणीस आरंभ करण्यापूर्वी चित्रातील एखाद्या वर्तुळाची रुंदी व उंची मोजून ती समान येतात काय हे पाहावे.

७. उपसंहार

समान ताणाचा विकार परतविता येतो. ४/३ ने भागले की मूळ रुंदी हाती येते. असमान ताणाचे तसे नाही, आणि प्रतीतच झालेला लोप तर कायमचा असतो. २०१९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत डिझ्नीच्या नव्या सेवेवर ‘द सिम्पसन्स’ या मालिकेचे जुने भाग रुंद चौकटीत कापून दाखविले गेले, तेव्हा ज्यांवर विनोद आधारलेला होता ती दृश्येच काही ठिकाणी नाहीशी झाली. प्रेक्षकांनी तक्रार केली आणि २०२० साली मूळ ४:३ ची निवड उपलब्ध करून देण्यात आली. मूळ प्रत जपलेली होती म्हणूनच हे शक्य झाले. मराठी कार्यक्रमांची कापलेली किंवा ताणलेली प्रतच जर सर्वत्र पसरली आणि मूळ प्रत विसरली गेली, तर पुढील अभ्यासकास त्रुटित पोथीवरून पाठ ठरवावा लागेल.

पुण्यास भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा कोणत्या पोथीत कोणता श्लोक नाही याचीही नोंद झाली. दृश्य साधनांसही तीच शिस्त लावली पाहिजे. जुन्या कार्यक्रमाचा आधार घेणाऱ्या प्रबंधात कार्यक्रमाचे नाव व दिनांक यांबरोबर प्रत कोठून मिळाली, तिची चौकट कोणती होती, ती ताणलेली किंवा कापलेली होती काय, आणि मोजण्यापूर्वी कोणती दुरुस्ती केली, या चार गोष्टी लिहिल्या जाव्यात. घरच्या प्रेक्षकासाठी नियम याहून लहान आहे: घड्याळ गोल दिसले पाहिजे, आणि बाजूचे काळे पट्टे तसेच राहू द्यावेत.